कप्तानांच्या खिशातली पाती

१

हेलिकॉप्टर मागे फिरलं, ते मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं. एका हातात थर्मामीटर, दुसऱ्यात वॉकीटॉकी. छकुलीला ताप होता म्हणून पथकातून त्या दिवशी मी सुट्टी घेतली होती, पण सेट बंद करवत नव्हता. तलावावर सहा वर्षांची एक मुलगी सकाळपासून हरवली होती. घरात चार वर्षांची पोर तापाने फणफणलेली असताना आईने असलं काही ऐकू नये. पण न ऐकताही राहवत नाही.

"समोर ड्रोन आहे," पायलटचा आवाज आला. "पिवळ्या पट्ट्याचा. एकदम सरळ वर आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. मी मागे फिरतोय."

मग नुसती खरखर.

पिवळ्या पट्ट्याचा ड्रोन आसपास एकच होता. आमचा. आणि तो उडवायचा परवाना पथकात एकाच माणसाकडे होता. माझ्या नणंदेकडे.

आमचं पथक म्हणजे नोकरीधंदा सांभाळून, बोलावणं आलं की धावणारी माणसं. ड्रोन बुटाच्या खोक्याएवढा, पण त्याचे नियम त्याच्यापेक्षा जड. परवाना असेल त्यानेच उडवायचा. एकाने उडवायचा आणि दुसऱ्याने त्याच्यावरची नजर हलवायची नाही. एरवी ही नजर माझी. नजरेआड न्यायचा नाही, माणसांच्या डोक्यावरून न्यायचा नाही. आणि हेलिकॉप्टर निघालं असं कळलं, की हातातलं सगळं टाकून आधी ड्रोन खाली.

या शेवटच्या नियमाला कप्तानांनी स्वतःची एक गाठ मारली होती. कप्तान म्हणजे आमचे प्रमुख, अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. ड्रोन उतरला की त्याची चारही पाती काढून कप्तानांच्या जाकिटाच्या खिशात. चेन बंद. पात्यांशिवाय ड्रोन म्हणजे नुसता डबा. जादा पाती गेल्या सरावात मोडली होती आणि नवी यायची होती.

मग तो डबा हेलिकॉप्टरसमोर गेला कसा?

तिन्हीसांजेला नणंद घरी आली. बूट चिखलाने भरलेले. मी तिला चेष्टेने 'वन्सं' म्हणते, माझ्याहून लहान असूनही. त्या दिवशी चेष्टा सुचली नाही.

"मुलगी?"

"सापडली. जिवंत आहे. पाय मोडलाय." ती दारातच खाली बसली. "वहिनी, मी उडवला नाही गं. पण मीच उडवला असं सगळे धरून चाललेत."

२

सकाळी कामावर जाण्याआधी सिस्टर छकुलीला बघायला आली. ती मुलांच्या वॉर्डात नर्स आहे आणि पथकातलं प्रथमोपचाराचं काम तिचं. आदल्या दिवशी तलावाकडे निघता निघता तिने फोनवर मला औषध किती, पाणी कधी, सगळं सांगितलं होतं. ताप उतरला तो तिच्यामुळेच.

"छान. आता खेळू दे हिला," ती म्हणाली. छकुलीचा खेळायचा तंबू, तो तारेच्या कड्यांचा, उघडला की अंगावर उडी मारणारा, वाटेत आडवा पडला होता. सिस्टरने बोलता बोलता त्याला एक पीळ दिला, त्याची थाळीएवढी चकती झाली आणि ती कपाटामागे गेली. तिचे डोळे सुजलेले होते.

"झोपली नाहीस?"

"कशी झोप येणार? त्या मुलीचा चेहरा डोळ्यासमोरून जात नाही."

तेवढ्यात कप्तानांचा फोन आला. खोलीवर ये म्हणाले. ये, आणि लगेच ये.

पथकाची खोली म्हणजे जुन्या गॅरेजमधली एक लांबट जागा. टेबलाशी हवाई खात्याचे चौकशी अधिकारी बसले होते. सभ्य माणूस. सभ्य माणसाने वाईट बातमी दिली की जास्तच भीती वाटते.

"ड्रोनच्या पोटातली नोंद कंपनीकडून यायला महिना लागेल," ते म्हणाले. "आणि आली तरी तो उडाला एवढंच सांगेल. कोणी उडवला, ते नाही. मला आज संध्याकाळी अहवाल पाठवायचाय. दुसरं कोणी पुढे आलं नाही, तर परवाना ज्यांचा, नाव त्यांचं."

वन्सं भिंतीला टेकून उभी होती. तिचं पोटापाण्याचं कामही ड्रोननेच चालतं. जमिनींची मोजणी करते. परवाना गेला की तेही गेलं.

ते बाहेर गेल्यावर कप्तान मला म्हणाले, "तू तिथे नव्हतीस. म्हणून तूच शोध. आम्ही सगळे एकमेकांकडे चोरासारखे बघतोय." आणि सणसणीत शिंकले.

"मी नणंदेची बाजू घेईन असं नाही वाटत तुम्हाला?"

"घेशील. पण तू छकुलीच्या डब्याचं झाकणसुद्धा तीनदा बघतेस. खोटं तुझ्या नजरेतून सुटणार नाही."

संध्याकाळपर्यंत. मी कंबर कसली.

३

त्या वेळी तलावावर आमची चारच माणसं होती, आणि ड्रोन चौघांनाही थोडाफार उडवता येत होता. वन्सं, कप्तान, समारंभांचं चित्रण करणारा फोटोवाला, आणि सिस्टर. ती वन्संकडे शिकत होती, तिची परीक्षा व्हायची होती.

"सुरुवातीपासून सांग," मी वन्संला म्हटलं.

"सकाळी खडीच्या मोकळ्या जागेवरून उडवला. नजर ठेवायला फोटोवाला. हेलिकॉप्टरचा निरोप आला, उतरवला. पाती काढून कप्तानांना दिली, त्यांनी खिशात टाकली, चेन ओढली. ड्रोन पेटीत. चटई तशीच, बांधापासून लांब झाडाखाली लावलेल्या गाडीच्या मागे आडवी टाकली, ती कोणाला मिटतेय तुझ्याशिवाय! मग मी रस्त्यावर गेले, हेलिकॉप्टर उतरायला जागा मोकळी करायला."

"कोणी पाहिलं तुला?"

"दोन म्हशींनी." मग तिचा आवाज चिरकला. "कोणी नाही वहिनी. एकटीच होते."

"पायलट म्हणतो, सरळ वर आला."

तिने मान वर केली. "तेच तर! माणूस असा चढवतच नाही. संपर्क तुटला की तो आपोआप असा चढतो, आणि निघाला त्या जागी परत येतो. तलावाकाठी विजेच्या तारांचा मनोरा आहे ना, म्हणून परतीची उंची मी त्याच्याही वरची लावली होती. कोणीतरी तो तलावाच्या बांधामागे नेला असणार. खाली, पाणकणसांच्या उंच गवतात. नजरेआड गेला, संपर्क तुटला, आणि हा निघाला वर."

"म्हणजे उडवणाऱ्याला तो वर न्यायचाच नव्हता?"

"नसेल. पण गेला ना."

फोटोवाला चहाच्या टपरीवर सापडला. मला बघताच दोन्ही हात वर केले. "मी नाही! चित्रणासाठी मी काय वाटेल ते करतो, मान्य. पण तेव्हा मी पलीकडच्या काठावर दोरखंड धरून उभा होतो. आणि पाती कुठून आणू? कप्तानांचा खिसा कापू?"

"सकाळचं चित्रण कुठे आहे?"

"ड्रोनच्या कार्डात."

आम्ही खोलीवर येऊन फडताळ उघडलं. पेटी, रिमोट, पिशवीत चटई, दोरखंड, स्ट्रेचर. सगळं जागच्या जागी. ड्रोन काढून पाहिला. कार्डाची खाच रिकामी.

फोटोवाल्याचा चेहरा पडला. "मी काढलेलं नाही, वहिनी. पोरांची शपथ."

त्या फडताळात मला आणखी काहीतरी खटकत होतं. पण मागे कप्तान पुन्हा शिंकले आणि माझं लक्ष तिकडे गेलं. भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर. तीस वर्षं आगीत गेलेला माणूस सर्दीला कधी भीक घालत नाही.

"कप्तान, एवढी सर्दी कशी झाली?"

"काल भिजलो, आणि वारा लागला."

"जाकीट होतं ना अंगावर?"



४

"पाती माझ्याजवळच होती," कप्तान म्हणाले.

"जाकिटाच्या खिशात. आणि जाकीट?"

त्यांनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. "त्या मुलीची आई पाण्यात उतरली होती. कमरेइतक्या. ओढून काढली तेव्हा लटलटा कापत होती. मी जाकीट तिच्या खांद्यावर टाकलं आणि रस्त्याकडे गेलो, हेलिकॉप्टरशी बोलायला. खिशाचं डोक्यातच आलं नाही. नंतर जाकीट परत मिळालं तेव्हा चाचपून पाहिलं. चारही होती."

"हे काल का नाही सांगितलं?"

"कारण नियम मी केलाय!" ते ओरडले. मग हळू म्हणाले, "ती बाई आमच्या गाडीत बसली होती. सिस्टर तिला धरून होती, म्हणून मी निर्धास्त होतो."

मी हॉस्पिटलात गेले. मुलगी झोपली होती, पाय प्लास्टरमध्ये. तिची आई पलंगाच्या कडेवर बसली होती, मुलीच्या पावलावर हात ठेवून. जणू हात काढला तर पाऊल पुन्हा चालू लागेल. मी पथकातली म्हणताच ती उठून उभी राहिली.

"तुमच्या सिस्टर देवासारख्या भेटल्या हो. त्यांनी हिचा आवाज ऐकला म्हणून ही सापडली. बांधाखालच्या चरात पडली होती, पाणकणसांत. वरून दिसायचीच नाही."

"जाकीट तुमच्या अंगावर होतं तेव्हा तुमच्याजवळ कोण कोण आलं?"

"कोणी नाही." फार पटकन म्हणाली. "सिस्टरच होत्या. सारख्या जवळच होत्या. जागच्या हलल्या नाहीत."

"मग आवाज कुठून ऐकला त्यांनी? गाडी तर झाडाखाली, बांधापासून लांब."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. तेवढ्यात मुलगी जागी झाली. "आई," असं नुसते ओठ हलले. घशातून हवा आली फक्त.

"ओरडून ओरडून घसा बसलाय," आई म्हणाली. "उचलणाऱ्याने कान तोंडाशी नेला तेव्हा कुठे..."

आणि ती थांबली.  आपण काय बोललो ते तिला कळलं होतं, आणि मला कळलंय हेही.

"ताई," ती कुजबुजली, "तुम्हाला आहेत का मुलं?"

५

घरी आले ते विमनस्क. मला जे वाटत होतं ते मला वाटायला नको होतं. एक बाई घाबरून काहीबाही बोलली, एवढ्यावरून कोणावर आळ घ्यायचा? कान धोका देतात. ती मुलगी आधी ओरडलेलीही असू शकते.

"काय गं, जेवलीस तरी का?" सासूबाईंनी विचारलं. "लेकीच्या काळजीने माझ्या घशाखाली घास उतरत नाही, आणि सुनेला भूक नाही. चुलीला आजच सुट्टी द्यायला हवी होती."

"आई, माझा तंबू," छकुली म्हणाली.

मी कपाटामागून चकती ओढली. ती हातातून सुटली, फाडकन उघडली आणि टेबलावरचा पेला उडवून गेली. छकुली टाळ्या पिटू लागली. मी मात्र फुटलेल्या काचा तशाच ठेवून उभी राहिले.

चटई!

ड्रोन उतरवायची आमची चटई अशीच असते. आत तारेचं कडं, गोल, मोठ्या परातीच्या चौपट. पीळ कसा द्यायचा ते माहीत नसेल तर मिटत नाही. फोटोवाल्याने एकदा प्रयत्न केला आणि तिने त्याचा चष्मा फोडला. कप्तान तिला हात लावत नाहीत. वन्सं दोन झटके देते, शिव्या घालते आणि माझ्या अंगावर टाकते. मला जमतं, कारण मी रोज हा तंबू मिटते.

काल मी नव्हते. वन्संने चटई उघडीच टाकली होती. आणि आज फडताळात ती पिशवीत होती.

मी पळतच खोलीवर गेले. पिशवीची नाडी सोडली, चटई झेप घेऊन उघडली. एक बाजू स्वच्छ. दुसरीवर काळा चिखल, अर्धवट वाळलेला, आणि त्यात पाणकणसाचा पिंजलेला कापूस. वन्संने ड्रोन खडीवरून उडवला होता. खडीवर चिखल नसतो.

म्हणजे चटई दुसऱ्यांदा अंथरली गेली, बांधाशी. ज्याने सगळ्यात मोठा नियम मोडला, त्याने चटई अंथरायचा बारका नियम मात्र पाळला. शिकाऊ माणूस असंच करतो. आणि नंतर चिखल दिसू नये म्हणून ती मिटली, चिखलाची बाजू आत घालून. उघडी टाकली असती तर कोणी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

ज्या हातांनी मिटली, ते हात सकाळी माझ्याच घरात मी पाहिले होते.

६

मुलांच्या वॉर्डाला लागून खेळण्यांची खोली आहे. सिस्टर ठोकळे गोळा करत होती. कोपऱ्यात छकुलीच्या तंबूसारखेच दोन तंबू. ती ते दिवसातून कितीदा मिटत असेल कोण जाणे.

मी पिशवीतून चटई काढली, ती जमिनीवर फाडकन उघडली. "जरा मिटून देतेस?"

तिने सवयीने वाकून कडं धरलं, मनगट वळवलं. अर्धा पीळ झाला आणि हात थांबले. चिखल तिच्या बोटांना लागला होता. ती तशीच बसून राहिली, अर्धवट पिळलेली चटई मांडीवर घेऊन.

"वन्संचं नाव जाणार आहे संध्याकाळी," मी म्हटलं.

"माहितीय. सकाळी खरं सांगायलाच आले होते तुझ्याकडे. तंबू मिटला आणि निघून गेले." तिने कपाळ पुसलं, कपाळाला चिखल लागला. "ती बाई म्हणत होती, तुमच्याकडे यंत्र आहे, मग ते पेटीत का ठेवलंय? मी सांगितलं, हेलिकॉप्टर येतंय. ती म्हणाली, कधी? मी म्हटलं, येईल. ती म्हणाली, तोवर? काय सांगणार होते गं मी? मग तिच्या हाताला खिशात काहीतरी लागलं. तिने पाती काढली आणि माझ्या हातात ठेवली. बोलली काहीच नाही."

"हेलिकॉप्टर वर असताना?"

"मला वाटलं, खालूनच न्यायचा. कणसांच्या उंचीने. एवढ्या खाली हेलिकॉप्टरला काय त्रास? मुलगी दिसलीसुद्धा, लाल फ्रॉक. आणि तेवढ्यात रिमोटचा पडदा काळा झाला. तो आपला आपण वर निघाला. मी बटणं दाबतेय, दाबतेय..." तिने डोळे मिटले. "परतीच्या उंचीचं मला शिकवलं होतं. त्या क्षणी आठवलं नाही."

"आणि आवाज ऐकला म्हणून सांगितलंस."

"दुसरं काय सांगणार? सापडली ना पण! हेलिकॉप्टरच्या आधी सापडली."

"हेलिकॉप्टर आलंच नाही, म्हणून आधी. त्यात उष्णता दाखवणारा कॅमेरा होता आणि ते त्याच बांधाकडे चाललं होतं. उतरलं असतं तर मुलीला खडखडत्या रस्त्याने, मोडक्या पायाने आणावं लागलं नसतं. आणि धडकलं असतं तर? त्यातही कोणाची तरी मुलंच होती."

बाहेर एक मूल रडायला लागलं. सिस्टरची मान आपोआप तिकडे वळली, माझीही.

"छकुली असती तर?" तिने विचारलं. "खरं सांग."

मी खरंच सांगितलं. "तर मी पण तुझ्या हातात पाती ठेवली असती. म्हणूनच ती आईच्या हाताला लागता कामा नयेत."

तिने बोटांचा चिखल पुसला. मग उठली, खिशातून एक नखाएवढं कार्ड काढलं, आणि उरलेला अर्धा पीळ पूर्ण करून चटई पिशवीत घातली.

"चल," ती म्हणाली. "मीच सांगते. तू नको बोलूस."

७

अधिकारी अहवालाचं पाकीट बंद करण्याच्या बेतात होते. सिस्टरने उभ्यानेच सांगितलं. एक वाक्य मात्र तिने बदललं. "पाती खिशातून मी काढली," म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"खिसा माझा," कप्तान घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तो रिकामा न करता मी जाकीट दुसऱ्याला दिलं. हेही लिहा."

वन्संने सिस्टरच्या अंगावर धावून जायला हवं होतं, निदान मला तसं वाटलं होतं. ती तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "उंचीचं मी तुला तीनदा शिकवलं होतं गं, मूर्ख!" आणि दोघी रडायला लागल्या. फोटोवाल्याने त्या दिवशी कॅमेरा काढला नाही, एवढंच त्याच्याबद्दल चांगलं लिहिते.

वन्संचा परवाना राहिला. सिस्टरची परीक्षा रद्द झाली. पथकात तिने ड्रोनला हात लावायचा नाही असा आदेश आला. पथकाचं उड्डाणही काही महिने बंद होतं. आदेशात चटईचा उल्लेख नव्हता, त्यामुळे सरावाला ती अजूनही सिस्टरच मिटते. "यालाही परवाना लागला तर सांगा," म्हणते. आम्ही हसतो, पण जपून.

बंदी उठल्यावर पहिलंच बोलावणं खाणीवर आलं. दोन भाऊ बेपत्ता. हेलिकॉप्टर निघाल्याचा निरोप आला, वन्संने ड्रोन उतरवला, पाती काढली. मुलांची आई खडकावर बसून कापत होती. कप्तानांनी जाकीट काढलं, तिच्या अंगावर घालण्याआधी थांबले, खिसा उलटा केला आणि चारही पाती माझ्या तळहातावर ठेवली. मग जाकीट तिच्या खांद्यावर टाकून ते गेले.

सिस्टर तिला धरून बसली. बाई आधी पेटीकडे बघत होती. मग तिची नजर माझ्या मुठीवर आली.

"ते लावलं की उडतं ना?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"मग?"

आकाशात अजून काही दिसत नव्हतं. पात्यांच्या कडा तळहातात रुतत होत्या. घरी छकुली सासूबाईंजवळ झोपली असेल, हे मी मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते. सिस्टरने त्या बाईचं डोकं स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि तिच्या केसांवरून माझ्याकडे पाहिलं.

मी मूठ उघडली नाही.

लांबून, डोंगराच्या पलीकडून, घरघर ऐकू येऊ लागली.